जुलाबात पाणी का द्यायचं?

शिक्षकांबरोबरच्या बैठकांमध्ये आम्ही कधीकधी एक साधा प्रश्न विचारतो. "घरात वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला जुलाब होताहेत. तुम्ही काय कराल?" उत्तरं भराभर येतात. दवाखान्यात नेऊ, जुलाब थांबवायची गोळी देऊ, दूध बंद करू. मीठ-साखर-पाणी द्यावं, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. मग आम्ही पुढचा प्रश्न विचारतो, "त्या पाण्यात साखर कशासाठी?" इथे जरा शांतता पसरते. कुणी म्हणतं चवीसाठी, कुणी म्हणतं ताकद येण्यासाठी. आणि मागून एखादा प्रामाणिक आवाज येतो, "पण पाणी दिलं की जुलाब वाढतात, असं घरी म्हणतात. त्याचं काय?"

आम्हांला हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याचं नीट उत्तर मिळालं नाही, तर मीठ-साखर-पाण्याची कृती वहीत राहते आणि बाळ तहानलेलं राहतं. म्हणून आज कृतीच्या आधी कारण पाहू या.

मूल दगावतं ते कशानं?

जुलाब अनेक प्रकारच्या जंतूंमुळे होतात. त्यांतले बरेचसे आठवड्याभरात आपोआप थांबतात. मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, म्हणजे शोष पडल्यामुळे. दहा किलो वजनाच्या बाळाच्या अंगातून एक लीटर पाणी गेलं, तर शोष गंभीर झाला असं समजतात. पटकीसारख्या आजारात एवढं पाणी जायला काही तासही पुरतात. रक्त कमी पडतं, नाडी क्षीण होते, लघवी बंद होते आणि मूल ग्लानीत जातं.

हे मुलांना दाखवायला एक सुंदर साधन आहे. मेक्सिकोतल्या खेड्यांत डेव्हिड वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शाळकरी मुलांबरोबर वापरलं. तिथे त्यांनी भोपळा पोखरून त्याचं बाळ केलं होतं. आपण प्लॅस्टिकची बाटली घेऊ. बाटलीवर नाक, डोळे, तोंड काढा. खाली एक भोक पाडून त्यात बूच बसवा. वरचं तोंड रुंद कापून बाटली काठोकाठ भरा आणि त्यावर पातळ ओलं फडकं पसरा. ही झाली बाळाची टाळू. आता खालचं बूच काढा. पाणी उतरू लागलं की फडकं आत खचतं. जुलाब झालेल्या तान्ह्या बाळाची टाळू खोल जाते, ती का, हे मुलांना न सांगता कळतं.

मग विचारा, "बाळाला पुन्हा भरायचं कसं?" कुणी तरी म्हणतंच, "बूच लावा." म्हणजे जुलाब थांबवा. पण खऱ्या बाळाला असं बूच लावता येत नाही. जुलाब रोखणाऱ्या गोळ्या लहान मुलांना धोक्याच्या ठरू शकतात. तेव्हा एकच मार्ग उरतो. खालून जेवढं जातं, तेवढं वरून ओतत राहायचं.

आतड्यातली दोन चाव्यांची दारं

वरून ओतलेलं पाणी पोटात गेलं म्हणजे शरीरात गेलं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. आतड्याची पोकळी ही एका अर्थी शरीराबाहेरचीच जागा आहे. तिथलं पाणी आतड्याच्या भिंतीतून पलीकडे रक्तात गेलं, तरच ते उपयोगी पडतं.

मोठ्या माणसाच्या आतड्यात रोज सुमारे नऊ लीटर द्रव येतो. त्यातला सुमारे दोन लीटर आपण खाल्ल्या-प्यायल्यातून येतो. बाकीचा लाळ, जठररस, पित्त अशा पाचकरसांचा असतो. त्यातला जवळजवळ सगळा शोषला जातो आणि शौचावाटे जेमतेम पाव लीटरहूनही कमी बाहेर पडतो. जुलाबात हा हिशेब बिघडतो. पटकीच्या जंतूंचं विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावतं. आजार या विषामुळे होतो, हे १९५९ साली कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं.

पाणी स्वतःहून कुठे जात नाही, ते क्षारांच्या मागे जातं. मिठातला सोडियम पेशीत शिरला की पाणीही पाठोपाठ जातं. सोडियम आत जाण्याच्या अनेक वाटा आहेत, पण पटकीत त्यांतली एक महत्त्वाची वाट बंद पडते. म्हणून नुसतं मीठ-पाणी पुरत नाही. मात्र आतड्याच्या पेशींवर आणखी एक प्रकारची दारं असतात. या दारांना जणू दोन चाव्या लागतात, एक सोडियमची आणि दुसरी ग्लुकोजची. दोन्ही बरोबर आले की दार उघडतं, दोघंही आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. सोडियम आणि ग्लुकोज अशी जोडीनं आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० साली प्राग इथे मांडली. नवल म्हणजे जुलाब चालू असतानाही ही दारं बहुतांशी शाबूत राहतात.

साखर कशासाठी, याचं उत्तर इथे आहे. आपल्या साखरेतून पोटात ग्लुकोज मिळतं आणि तीच दुसरी चावी. चव आणि ताकद या दुय्यम गोष्टी झाल्या.

मग जास्त साखर घातली तर?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. द्रावण दाट असेल तिकडे पाणी ओढलं जातं. यालाच आपण परासरण म्हणतो. बाळाच्या पोटात फार गोड पाणी गेलं, तर ते रक्तातलंच पाणी आतड्यात ओढतं आणि जुलाब वाढतात. बाटलीबंद गोड पेयं जुलाबात देऊ नयेत, ती याचसाठी.

पाकिटातल्या ओ.आर.एस.चं प्रमाणही याच विचारानं सुधारलं गेलं. जुन्या प्रमाणात लीटरभर पाण्यासाठी २० ग्रॅम ग्लुकोज आणि ३.५ ग्रॅम मीठ असे. २००२ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ते बदलून १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असं केलं. शिवाय त्यात १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. या पातळ द्रावणामुळे उलट्या कमी झाल्या आणि सलाईन लावायची वेळ येणाऱ्या मुलांची संख्या सुमारे एक तृतीयांशानं घटली.

दुकानात 'ओ.आर.एस.' हे नाव मिरवणारी पण साखरेनं भरलेली पेयंही वर्षानुवर्षं विकली गेली. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी पाकिटावरचं प्रमाण वाचण्याची सवय मुलांना लावावी. वाचनाचा आणि गणिताचा यापेक्षा उपयुक्त तास क्वचितच मिळेल.

बनगाव, १९७१

१९६८ साली ढाक्याला डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी दाखवून दिलं, की तोंडावाटे असं द्रावण दिलं तर पटकीच्या रुग्णांना सलाईन पुष्कळ कमी लागतं. पण हे झालं रुग्णालयात, प्रशिक्षित माणसांच्या हातून. घरच्या माणसांच्या हाती हे काम सोपवावं, हे वैद्यकक्षेत्रात अनेकांना पटत नव्हतं.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सरहद्दीजवळच्या बनगावच्या रुग्णालयात रुग्ण जमिनीवर पडून होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या कलकत्त्याला तयार करून घेतल्या. पिंपात द्रावण कालवलं आणि रुग्णाजवळच्या आई, भाऊ, नातेवाईक यांनाच ते पाजायला सांगितलं. अत्यवस्थ रुग्णांना आधी सलाईन मिळे, पुढचं काम हे पाणी करी. पूर्वी छावण्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. हे पाणी घेणाऱ्या सुमारे ३,७०० रुग्णांमध्ये ते ३.६ टक्के झालं. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

बनगावनं एक गोष्ट सिद्ध केली. औषध साधं असेल आणि नीट समजावून दिलं असेल, तर घरची माणसं ते देऊ शकतात.

सांगणाऱ्यालाच पटलं नाही तर

पुढे १९८०च्या दशकात बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेनं हे ज्ञान घरोघर न्यायचं ठरवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढीच कृती. कार्यकर्त्या प्रत्येक घरी जाऊन आईकडून ती करवून घेत. काही दिवसांनी दुसरं कुणी तरी काही घरांत जाऊन आयांना प्रश्न विचारी. आईला जेवढं आठवे, त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. दहा वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत ही कृती पोहोचली.

पण सुरुवातीला एक कोडं पडलं. आयांना कृती अचूक येत होती, पण बाळाला जुलाब झाले की फारच थोड्या जणी ती वापरत. शोध घेतला तेव्हा कळलं, की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांनाच त्यावर भरवसा नव्हता. स्वतःच्या घरी त्या दुसरीच औषधं वापरत होत्या! मग त्यांना बोलावून हे पाणी शरीरात नेमकं काय करतं ते समजावण्यात आलं. गावातल्या पुरुषांशी, शाळांत आणि बाजारांतही बोलणं सुरू झालं. वापर वाढला तो त्यानंतर.

शिक्षकांसाठी यात मोठाच धडा आहे. कृती पाठ करून घेणं सोपं असतं. कारण पटलं तरच ती हातून घडते, आणि ते आधी आपल्याला पटलेलं असावं लागतं.

तर त्या प्रश्नाचं उत्तर

"पाणी दिलं की जुलाब वाढतात" या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नये. ओ.आर.एस.नं जुलाब लगेच थांबत नाहीत. पहिल्या दिवशी ते जास्तही वाटू शकतात. पण ते थांबवणं हे त्याचं कामच नव्हे. आतड्याच्या पेशी काही दिवसांत नव्या येतात आणि आतडं स्वतःच सावरतं. तोवर बाळाला जिवंत आणि टवटवीत ठेवायचं, हे या पाण्याचं काम. पाणी तोडलं तर कदाचित जुलाब कमी दिसतील, पण ते बाटलीतलं पाणी संपल्यामुळे!

आता कृती. पाकीट मिळालं तर तेच उत्तम. ते त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात एकदम पूर्ण कालवावं. पाकीट नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. चव घेऊन पाहावी. ते अश्रूंपेक्षा खारट लागू नये. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप आणि मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्यानं द्यावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावं. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यावं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं अन्न बंद करू नये. जोडीला वैद्यकीय सल्ल्यानं दहा ते चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात. मूल ग्लानीत असेल, पाणी पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू सपाट होत असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर घरी थांबू नये. पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

१९८०च्या सुमारास जगात दर वर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४६ लाख मुलं जुलाबानं दगावत, असा अंदाज होता. अलीकडचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे ४ लाख ४४ हजारांचा आहे. या उतारात स्वच्छ पाणी, लसी आणि चांगला आहार यांचा वाटा आहे, तसाच या चिमूटभर मिठाचाही आहे. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या भारतीय मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच ओ.आर.एस. मिळालं होतं.

बाकीच्यांना का नाही? २०२४ साली प्रसिद्ध झालेला कर्नाटक आणि बिहारमधला एक अभ्यास इथे बोलका आहे. अनेक खाजगी डॉक्टर ओ.आर.एस. लिहून देत नाहीत, कारण लोकांना ते नकोच असतं, असा त्यांचा समज असतो. पालकानं नुसती ओ.आर.एस.ची इच्छा बोलून दाखवली, तरी ते देण्याचं प्रमाण बरंच वाढलं.

म्हणजे पाचवी-सहावीतल्या मुलीनं धाकट्या भावाला घेऊन निघालेल्या आईला एवढंच सांगायचं, "आई, ओ.आर.एस. माग हं." आणि आजीनं विचारलं, "पाणी कशाला देता गं?" तर तिला बाटलीचं बाळ करून दाखवायचं. वर्गात बाटली, फडकं आणि बूच एवढंच लागतं. येत्या पावसाळ्याआधी हा तास जरूर घ्या.