पोह्यांचा गोडवा आणि लाळेतलं जनुक

रामवाडीत, म्हणजे पेण-रोह्याच्या भातपट्ट्यात बसून जनुकावर बोलायचं, तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. पेणचे पोहे आहेतच. चिमूटभर कोरडे पोहे तोंडात घ्या, गिळू नका, मिनिट-दोन मिनिटं चावत राहा. साखर न घालता गोडसर लागू लागतात. हा गोडवा बाहेर काढलाय तुमच्याच एका जनुकानं.

त्याचं नाव एएमवाय-१, पत्ता पहिलं गुणसूत्र. लाळेतलं अमायलेज हे विकर कसं बनवायचं, ते या जनुकात लिहिलेलं असतं. हे विकर हायड्रोलेज गटातलं. म्हणजे काय, तर पाण्याचा रेणू वापरून मोठ्या रेणूतला बंध तोडणारं. भातातला स्टार्च ही ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ समजा. अमायलेज ती मधेच कापतं, दर कापाला पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो आणि माल्टोजसारखे छोटे तुकडे सुटतात. माळेला जिथे फांदी फुटते, तो सांधा मात्र याला कापता येत नाही. ते काम, आणि सुटा ग्लुकोज करण्याचं काम, लहान आतड्यातली दुसरी विकरं करतात. तीसुद्धा हायड्रोलेजच.

घरी बघायचंय? भाताची गार, पातळ पेज दोन वाट्यांत घ्या. एकीत थोडी लाळ मिसळा आणि पंधरा-वीस मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब टाका. नुसती पेज निळी-काळी होते. लाळेच्या वाटीत रंग फिका पडतो, कारण स्टार्च तुटलेला असतो. (नंतर दोन्ही फेकून द्या, हे सांगायलाच हवं.)

पोटातल्या आम्लात लाळेचं अमायलेज थंडावतं. मग स्वादुपिंड आपलं अमायलेज पाठवतं, त्याची जनुकं याच जनुकाची शेजारी भावंडं.

आता खरी गंमत. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एएमवाय-१ च्या प्रती मात्र कुणात दोन, कुणात दहाहून जास्त. साधारणपणे प्रती जास्त, तर लाळेत अमायलेज जास्त. चिंपांझीत दोनच. २००७ साली जॉर्ज पेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भरपूर स्टार्च खाणाऱ्या समाजांत या प्रती सरासरीनं जास्त असतात.

इथे आमचे श्रोते लगेच म्हणतात, "बघा, आमच्या आज्या-पणज्या तिन्ही त्रिकाळ भातच खायच्या. आम्हाला कसला मधुमेह होतोय?" थांबा जरा. एक तर त्या नमुन्यांत कोकण नव्हतं. दुसरं, सरासरी समाजाची असते; शेजारी जेवणाऱ्या दोन सख्ख्या भावांतही प्रती वेगळ्या असू शकतात. आणि मुख्य म्हणजे अमायलेज स्टार्च तोडतं, रक्तातली साखर पेशींत पोचवत नाही. ते काम इन्सुलिनचं आणि राबणाऱ्या स्नायूंचं. आजी भात खायची, तशी गुडघाभर चिखलात लावणीही करायची. कमी प्रती म्हणजे लठ्ठपणा, असा दावा २०१४ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी जास्त काटेकोर मोजणीत तो टिकला नाही. तेव्हा प्रती मोजून घेऊन ताटातला भात ठरवू नका. ताट ठरवायला रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट जास्त उपयोगी.

या विकरांशी औषधाचाही संबंध आहे. मधुमेहात अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी जेवणाच्या वेळी देतात. ती आतड्यातल्या याच कापणाऱ्या विकरांना अडवते, म्हणून साखर रक्तात हळूहळू चढते. पण त्यासोबत इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी दुसरी गोळी चालू असेल आणि अचानक साखर घसरली, घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर पोहे-बिस्किटं देऊन चालत नाही. घरातली साधी साखरही आतड्यात आधी तुटावी लागते, आणि तोडणारं विकर तर गोळीनं अडवलेलं! अशा वेळी लागतो तयार ग्लुकोज. ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे, त्यांनी ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवावी आणि ती कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवावं.