आतड्याची मोठी शस्त्रक्रिया : सर्जनची निवड आणि नंतरची काळजी

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा भाग काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की घरातील मंडळी प्रथम दोन प्रश्न विचारतात : खर्च किती आणि चांगला सर्जन कोण? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नातेवाइकांच्या शिफारशीवर सोडले जाते. वास्तविक ते शोधण्याचे काही निश्चित मार्ग आहेत.

गुदाशयाच्या कर्करोगाचेच उदाहरण पाहू. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये असे मांडले, की गुदाशयाभोवतीचे मेदयुक्त आवरण न फाटता, अखंड काढले तर त्याच जागी कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. म्हणजेच निकाल औषधांइतकाच सर्जनच्या हातावरही अवलंबून असतो. म्हणून सर्जनला नम्रपणे पण स्पष्ट विचारावे : अशा शस्त्रक्रिया आपण वर्षाकाठी किती करता? प्रत्यक्ष शस्त्रक्रिया आपणच करणार का? आतडे जोडलेल्या जागी गळती होण्याचे आपल्याकडील प्रमाण काय? आधी केमोथेरपी वा रेडिएशन द्यावे का, याचा निर्णय अन्य तज्ज्ञांसह बसून झाला आहे का? रात्री त्रास झाल्यास कोणाला कळवावे? अनुभवी सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. दुर्बिणीद्वारे की पोट उघडून, हा प्रश्न त्यानंतरचा. ज्या पद्धतीत सर्जनचा हात बसला आहे, ती महत्त्वाची.

दुसरे मत घेणे हा अविश्वास नव्हे. बहुतेक वेळा त्यासाठी काही दिवसांची सवड असते. मात्र आतडे पूर्ण अडले असेल किंवा फुटले असेल, तर निवडीत वेळ घालवू नये. तातडीची शस्त्रक्रिया होऊ शकेल असे जवळचे रुग्णालय गाठावे.

मिळालेले दिवस तयारीसाठी वापरावेत. तंबाखू व धूम्रपान तत्काळ थांबवावे, मधुमेह आटोक्यात आणावा, रक्तक्षय असल्यास उपचार घ्यावेत, रोज चालावे. पोटावर मलमार्ग, म्हणजे स्टोमा, काढण्याची शक्यता असेल तर त्याची जागा आधीच आखून घ्यावी. बसल्यावर पडणाऱ्या वळ्या आणि साडी, परकर किंवा पँट नेसण्याची रेषा पाहून ही खूण केली जाते.

रुग्णाला निजवून ठेवणे म्हणजे विश्रांती, ही आपल्याकडील समजूत आता बदलायला हवी. डेन्मार्कमधील सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की लवकर खाणे, लवकर उठणे आणि वेदनांचे योग्य शमन यांमुळे रुग्ण लवकर सावरतो. म्हणून डॉक्टरांच्या संमतीने पहिल्याच दिवसापासून खुर्चीत बसावे, चार पावले टाकावीत. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी. घरी आल्यावर पेज, मऊ भात, मुगाचे वरण, दही, अंडे असे थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे. सुमारे सहा आठवडे पाण्याची बादली वा गॅसचे सिलिंडर उचलू नये.

लहान आतड्याचा स्टोमा असल्यास पाणी आणि मीठ दोन्ही भराभर बाहेर जातात. अशा वेळी नुसते पाणी पीत राहिल्याने तूट भरत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ओआरएस घ्यावे. खोबरे, मक्याचे दाणे, शेंगदाणे यांनी मार्ग तुंबू शकतो. सुरुवातीला ते टाळावेत. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर शौचाला वारंवार जावे लागणे वा घाई होणे काही महिने चालू शकते. रुग्ण लाजेने हे बोलत नाही. घरच्यांनी आपणहून विचारावे.

ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, सतत उलट्या, जलद नाडी ही गळतीची चिन्हे असू शकतात. पिंडरीला सूज किंवा अचानक धाप लागणे हे रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

स्टोमा पुष्कळदा तात्पुरता असतो, कधी कायमचा. दोन्ही प्रसंगी पिशवी बदलणे घरातील आणखी एका व्यक्तीने शिकून घ्यावे. स्टोमा असलेली माणसे नोकरी करतात, प्रवास करतात, पंगतीत बसतात. रुग्णाला त्याच पंगतीत नेहमीच्या जागी बसवणे, हे घरच्यांच्या हातचे औषध आहे.