आधी लेन्स, मग कॅमेरा

पहिला डीएसएलआर घ्यायचं ठरलं की दुकानातला पहिला प्रश्न बहुधा मेगापिक्सेलचा असतो. कॅननचा १५००डी आणि निकॉनचा डी३५०० हे नवशिक्यांसाठी काढलेले दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे आहेत. निकॉनचा डी७५०० त्यांच्याहून वरच्या श्रेणीतला, पण त्याचे मेगापिक्सेल २०.९, म्हणजे उलट कमीच. या आकड्यावरून काही ठरत नाही, हे एवढ्यातच कळावं. फोटो कशाचे काढायचे आहेत, हे ठरलं की लेन्स ठरते आणि लेन्स ठरली की कॅमेऱ्याची निवड सोपी होते.

हे तपासून बघायला मुळशी तालुक्यातलं कासारसाई ही फार सोयीची जागा आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कपासून जवळ असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी धरणावर गर्दी असते आणि गळ्यात नवा कोरा कॅमेरा अडकवलेले दोघे-चौघे तरी दिसतातच. पाण्याचा पसारा आणि मागचे डोंगर हा एक विषय. काठावर बसलेली घरची माणसं हा दुसरा. बगळा, पाणकावळा, खंड्या हा तिसरा. सूर्य डोंगराआड गेल्यावरचा कमी उजेड हा चौथा. चारही विषय एकाच काठावर मिळतात, मात्र चारही एका लेन्सला नीट झेपत नाहीत.

कॅमेऱ्याच्या आत काय घडतं ते आधी पाहू. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर जातो आणि व्ह्यूफाइंडरमधून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि तोच प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. नेहमी ऐकू येणारा तो ‘खटॅक्’ आरसा आणि शटर यांचा. डोळ्याला दिसतं ते थेट लेन्समधलं दृश्य असल्यामुळे स्क्रीन सतत चालू ठेवावी लागत नाही आणि बॅटरी पुष्कळ टिकते. डी३५०० एका चार्जमध्ये १,५५० फोटोंपर्यंत जातो असं कंपनीचं अधिकृत मोजमाप आहे.

आता लेन्सवर लिहिलेले आकडे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सवर १८-५५ मिमी असं लिहिलेलं असतं. ही फोकल लेंथ. आकडा लहान तेवढा फोटोत मावणारा पसारा मोठा. कॅननच्या साध्या डीएसएलआरवर १८ मिमीला आडवा कोन सुमारे ६४ अंशांचा मिळतो. ५५ मिमीला तो २३ अंशांवर येतो आणि २५० मिमीला जेमतेम ५ अंश उरतो. म्हणजे जलाशय आणि डोंगर एका चौकटीत घ्यायला किट लेन्सचं रुंद टोक पुरेसं आहे. लँडस्केपसाठी पहिल्याच दिवशी वेगळी महागडी लेन्स घ्यायचं कारण नाही.

पक्ष्यांचं गणित निराळं आहे आणि ते कागदावर सहज मांडता येतं. सेन्सरवर पडणाऱ्या चित्राची उंची काढायची तर फोकल लेंथला वस्तूच्या उंचीनं गुणायचं आणि अंतरानं भागायचं. समजा ६० सेंटिमीटर उंचीचा बगळा ५० मीटरवर उभा आहे. ५५ मिमी लेन्सनं त्याची सेन्सरवरची उंची भरते ०.६६ मिमी. कॅननच्या या सेन्सरची उंची १४.९ मिमी आहे, म्हणजे बगळा चौकटीच्या बाविसाव्या हिश्शाएवढा. घरी येऊन फोटो मोठा केला की पांढरा ठिपका दिसतो तो यामुळे. त्याच जागेवरून २५० मिमी लेन्स लावली तर उंची ३ मिमी होते, चौकटीच्या एक पंचमांश. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ही उंची साधारण ८०० पिक्सेल भरते. कडा कापून मोबाइलवर बघायला हा फोटो चांगला दिसेल, पण मोठ्या प्रिंटला पुरणार नाही.

६०० मिमी लेन्सनं बगळा अर्धी चौकट भरेल. टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० मिमी लेन्स लोकप्रिय आहेत त्या याचसाठी. पण त्यांचं वजन दोन किलोंच्या आसपास असतं आणि किंमत नवशिक्याच्या कॅमेऱ्याहून जास्त. याच सूत्रात फुकटचा उपायही आहे. अंतर ५० मीटरवरून २५ वर आणलं की २५० मिमी लेन्स ५०० मिमीचं काम करते. म्हणून ज्याला पक्ष्यांची हौस आहे त्यानं आधी ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची साधी टेलिफोटो झूम घ्यावी आणि पक्ष्याला न उठवता जवळ जाणं शिकावं. तेही सकाळी लवकर. ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी कितीही भारी लेन्समधून धूसरच येतो.

दुसरा आकडा ‘एफ’चा. फोकल लेंथला लेन्सच्या उघड्या भोकाच्या व्यासानं भागलं की हा आकडा मिळतो, म्हणून तो लहान असला की भोक मोठं. किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पर्यंतच उघडते, म्हणजे भोक सुमारे १० मिमीचं. ५० मिमी एफ १.८ ही झूम नसलेली प्राइम लेन्स उघडते २८ मिमीपर्यंत. एफचे आकडे ५.६ आणि १.८ असले की प्रकाशात जवळजवळ दहापटींचा फरक पडतो. सूर्य मावळल्यावर जिथे किट लेन्सला शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं ठेवावं लागतं आणि हसणारं पोर पुसट येतं, तिथे प्राइम लेन्सचं काम सुमारे १५०व्या भागात उरकतं. शिवाय मोठ्या भोकामुळे मागची गर्दी, गाड्या, खाऊचे ठेले विरघळल्यासारखे होतात आणि चेहरा उठून दिसतो. घरच्या माणसांचे फोटो काढणाऱ्यांची दुसरी लेन्स हीच असावी. निकॉनवाल्यांना घरातल्या छोट्या खोलीत ३५ मिमी एफ १.८ अधिक सोयीची पडते.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. लेन्सवर आयएस किंवा व्हीआर लिहिलेलं असतं ते हाताची थरथर सावरण्यासाठी. उडणारा पक्षी किंवा पळणारं मूल त्यानं थांबत नाही, त्याला जलद शटरच लागतं. हाताची थरथर टाळण्याचा जुना ठोकताळा असा : फोकल लेंथला कॅननसाठी १.६ नं, निकॉनच्या छोट्या सेन्सरसाठी १.५ नं गुणा आणि शटर सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून हळू ठेवू नका. कॅननवर २५० मिमीसाठी हा वेग येतो सेकंदाचा ४००वा भाग.

लेन्स ठरल्या की बॉडीकडे वळू. आज कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे आणि डी३५००, डी५६०० यांचं उत्पादन थांबलं आहे. पहिला कॅमेरा घेणाऱ्याला हे सोयीचंच आहे, कारण चांगले डीएसएलआर आणि लेन्स वापरलेल्या बाजारात स्वस्तात मिळतात. कॅननच्या ईएफ लेन्स पुढे अ‍ॅडॉप्टर लावून त्यांच्याच आर मालिकेतल्या मिररलेसवर ऑटोफोकससह चालतात, म्हणून त्यांत घातलेले पैसे वाया जात नाहीत.

निकॉन घेताना एक सापळा ओळखून ठेवावा. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीमध्ये फोकसची मोटर नसते. ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लेन्समध्ये मोटर असते, जुन्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये नसते. त्यामुळे स्वस्त मिळाली म्हणून ५० मिमी एफ १.८डी घेतली तर डी३५०० वर प्रत्येक फोटोला फोकस हातानं फिरवावा लागतो. डी७२०० किंवा डी७५०० मध्ये मोटर आहे. शिवाय त्यांत फोकसचे ५१ बिंदू आहेत, डी३५०० मध्ये ११. उडत्या पक्ष्यांमागे जायचं असेल तर हा फरक पैसे वसूल करून देतो. कॅननचा १५००डी सेकंदाला ३ फोटो काढतो, ८०डी सात. व्हिडिओही हवा असेल तर २००डी मार्क २ बघावा. त्याची स्क्रीन वळते आणि स्क्रीनवर बघून शूटिंग करताना फोकस १५००डीपेक्षा पुष्कळ जलद लागतो.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा चाललं ते विचारा. डी३५०० च्या शटरची चाचणी १ लाख वेळांची आहे. निकॉनच्या मूळ जेपीजी फोटोच्या माहितीत ही संख्या नोंदलेली असते, कॅननसाठी बहुधा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढा, सेन्सरवर धूळ असली तर काळे डाग दिसतील. मग लेन्सच्या एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

मुळशी-मावळच्या पावसाळ्यात ही बुरशी चांगल्या लेन्सलाही धरते. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामडी बॅगेत, कपाटाच्या तळाशी ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, एवढी सोय पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. जेलचे दाणे ओले झाले की गरम करून पुन्हा वापरता येतात. धरणावर भिजून आलात तर कॅमेरा आधी पुसून, पंख्याखाली सुकवून मगच डब्यात टाका.

खरेदीचा क्रम असा ठेवावा. आधी बॉडी आणि १८-५५ किट लेन्स, शक्यतो वापरलेली. तीन-चार महिने तीच वापरून संगणकावर आपल्या आवडत्या फोटोंची फोकल लेंथ बघा, प्रत्येक फोटोच्या माहितीत ती असते. बहुतेक फोटो ५५ वर अडकलेले आणि कापून मोठे केलेले असतील तर टेलिफोटो घ्या. संध्याकाळचे आणि घरातले फोटो वारंवार पुसट येत असतील तर ५० मिमी एफ १.८ घ्या. बहुतेक १८ वर असतील तर पैसे तूर्त खिशातच राहू द्या, तुमची लेन्स तुमच्याकडे आहे. तरीही मन ठरत नसेल तर पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळतात. एका रविवारपुरती आणा, कासारसाईला वापरून बघा आणि मग विकत घ्या.