शाळांमधील बालसुरक्षाविषयक तक्रारींची हाताळणी

शिक्षक, सेविका, लिपिक किंवा वाहनचालक यांनी विद्यार्थ्याच्या लैंगिक छळाची शंका व्यक्त केल्यास तिची दखल घेणे ही मुख्याध्यापक व संस्थाचालक यांची कायदेशीर जबाबदारी आहे. शंका खरी की खोटी याचा निवाडा व्यवस्थापनाने करावयाचा नसतो. ती पोलिसांपर्यंत पोहोचवावयाची असते.

कायदेशीर तरतुदी

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे केवळ मुख्याध्यापकांना सांगून कर्मचाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. माहिती दडवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हाताखालील व्यक्तीने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे.

बदलापूर प्रकरण

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पोलिसांना माहिती न दिल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही गुन्हा नोंदवण्यात आला. ठाणे, कल्याण व डोंबिवलीप्रमाणेच बदलापूरही ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या कार्यक्षेत्रात येते.

अपेक्षित कार्यवाही

कर्मचाऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, दिनांक व वेळेसह नोंदवून घ्यावे. बालकाची पुनःपुन्हा चौकशी करू नये. त्याचा जबाब नोंदवणे हे पोलिसांचे काम आहे. संशयित कर्मचाऱ्यास बालकांच्या संपर्कापासून तत्काळ दूर ठेवावे. मात्र त्याला जाब विचारून सावध करू नये. सीसीटीव्ही चित्रण व हजेरीपत्रके जपून ठेवावीत. पालकांना विश्वासात घ्यावे. अंतर्गत चौकशी पूर्ण होईपर्यंत पोलिसांना कळवण्याचे थांबवू नये, तसेच तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यावर ती मागे घेण्यासाठी दबाव आणू नये. बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास कलम २३ नुसार मनाई असल्याने शाळेनेही गोपनीयता पाळावी. मदतीसाठी १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

शाळेच्या नावलौकिकाला धक्का बसेल या भीतीने होणारा विलंब बालकाला पुन्हा त्याच धोक्यात लोटू शकतो. शिवाय पुरावा नष्ट होण्याचा संभव वाढतो.