गोरी बाहुली, काळी बाहुली

दिवाळी अंकात बाहुल्यांची गोष्ट मुलांच्या पानावर शोभावी. पण ही गोष्ट त्यांच्या आयांसाठी आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंगाखेरीज त्यांत फरक नव्हता. ‘छान कोणती?’ म्हणताच बहुतेकांनी गोरी उचलली. ‘तुझ्यासारखी कोणती?’ या प्रश्नाला काही मुले रडू लागली. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाची दखल घेतली.

निकाल लागला, पण मनातली बाहुली कोण काढणार? या मुली आया होतात तेव्हा काय घडते, ते टोनी मॉरिसन यांनी ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या कादंबरीत दाखविले आहे. काळ १९४१ चा. पिकोला ही काळी पोर देवाकडे निळे डोळे मागते. तिला हिडीसफिडीस करणारी माणसे बहुतेक काळीच! जेरल्डिन नावाची टापटिपीची बाई तिचा फाटका झगा पाहून तिला शिव्या देत घराबाहेर काढते. वर्गात हा भाग सांगितला की मुली जेरल्डिनवर चिडतात. मला मात्र पिकोलाची आई, पॉलीन, अधिक अस्वस्थ करते.

पॉलीन गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकीण. तिथे एकदा पिकोलाच्या हातून फळांच्या गरम पदार्थाचे भांडे पडते, रसाने पोरीचे पाय भाजतात. आई धावते ती तिला मारायला. आणि रडणाऱ्या मालकाच्या गोऱ्या मुलीला मात्र चुचकारते! ही बाई जन्माची कैदाशीण नव्हे. एकटेपणी ती सिनेमाला जाऊन बसे, जीन हार्लोसारखे केस वळवी. सुंदर कोणाला म्हणावे हे ती त्या अंधारात शिकली. पुढे मान मिळाला तोही गोऱ्यांच्या मुदपाकखान्यात. तो जपायचा तर स्वतःची पोर परकी करणे भागच होते.

काळ्यांनीच अधिक काळ्यांना हिणवावे, या वृत्तीला अ‍ॅलिस वॉकर यांनी १९८० च्या दशकात ‘कलरिझम’ हे नाव दिले. (आपल्याकडे ‘गोरी वधू पाहिजे’ हे सांगण्यात पुढाकार बहुधा सावळ्या आत्याबाईंचाच असतो, नाही का?)

मॉरिसनबाईंना या कादंबरीचे बीज शाळेत मिळाले. एक काळी मैत्रीण म्हणाली, मला निळे डोळे हवेत. त्यांना कीव आली नाही. तिचा राग आला.