पहिली इलेक्ट्रिक गिटार : पारख आणि परिमाण

आपल्या समाजातील अनेक घरांत आज हार्मोनियमच्या शेजारी गिटार दिसते. पाच-सात वर्षे साधी, म्हणजे अकूस्टिक गिटार मनापासून वाजविणारा मुलगा किंवा मुलगी एके दिवशी इलेक्ट्रिक गिटारीची मागणी करते. मग आजोबा आवाजाची चिंता व्यक्त करतात आणि वडील खर्चाचा हिशेब विचारतात. हे वाद्य कोणत्या पदार्थांचे बनले आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. श्रावकाच्या घरात तो सर्वांत आधी निघावयास हवा. या लेखात या तिन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे; कारण चुकीचे वाद्य घरात आले, तर पैशाबरोबर मुलाची अनेक वर्षांची साधनाही कपाटात बंद होते.

वाद्य एक, स्वभाव दोन

अकूस्टिक गिटारीत तारेचे कंपन घोडीवाटे पातळ लाकडी फळीत उतरते आणि पोकळ पेटी तो नाद मोठा करते. इलेक्ट्रिक गिटारीचे अंग बहुधा भरीव असते. तारांखाली ‘पिकअप’ नावाचा भाग बसविलेला असतो. त्यात लोहचुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेले तत्त्व ते हेच. हा प्रवाह अॅम्प्लिफायरमध्ये वाढवून ध्वनिवर्धकातून ऐकविला जातो. नायलॉनच्या तारेवर चुंबकाचा परिणाम होत नाही, म्हणून येथे तार पोलादाचीच लागते.

यावरून आजोबांच्या चिंतेचे उत्तर मिळते. अॅम्प्लिफायर जोडला नाही तर इलेक्ट्रिक गिटार अकूस्टिकपेक्षा पुष्कळ हळू वाजते. शेजारच्या खोलीत सामायिक चालू असेल तरी व्यत्यय येत नाही. हेडफोनची सोय असलेला लहान अॅम्प्लिफायर घेतल्यास एकत्र कुटुंबातही रात्रीचा सराव शक्य होतो.

वादकाच्या बोटांना मात्र बदल जाणवतो. अकूस्टिक गिटारीच्या सर्वांत बारीक तारेची जाडी बहुधा इंचाचे बारा सहस्रांश असते, तर इलेक्ट्रिकवर नऊ किंवा दहा. अकूस्टिकवर कमावलेला जोर येथे अधिक होतो आणि स्वर चढा लागतो. शिवाय न वाजविलेल्या ताराही सहज गुणगुणतात. त्या तळहाताच्या कडेने आणि मोकळ्या बोटांनी दाबून ठेवणे हा नवा अभ्यास आहे. पहिले एक-दोन महिने हात पूर्वीपेक्षा बेशिस्त वाटू लागला, तर वाद्याला दोष देऊ नये.

तीन घराणी

बाजारात शेकडो नावे दिसली तरी बहुतेक गिटारी तीन मूळ घाटांवरून घडलेल्या असतात. अमेरिकेतील फेंडर कंपनीची टेलिकास्टर १९५१ पासून या नावाने ओळखली जाते, तर स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. गिब्सन कंपनीची लेस पॉल १९५२ ची. फेंडरच्या या दोन घाटांत तारेची कंपनलांबी २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते. लेस पॉलमध्ये ती सुमारे २४.७५ इंच असते. लांबी कमी असली की तारेवरील ताण कमी होतो आणि पडदे किंचित जवळ येतात. लहान हाताला हा फरक चांगलाच कळतो.

दुसरा फरक पिकअपचा आहे. एका वेढ्याचा, म्हणजे सिंगल कॉइल पिकअप स्वच्छ आणि टोकदार नाद देतो. परंतु घरातील विजेची गुणगुण तो पकडतो. भारतात ही वीज ५० हर्ट्झची आहे. गिब्सनमधील अभियंता सेथ लव्हर यांनी दोन वेढे परस्परविरुद्ध जोडून ही गुणगुण रद्द करणारा ‘हमबकर’ घडविला. १९५७ पासून तो गिटारींवर बसू लागला. त्याचा नाद भरदार आणि गोलसर असतो.

अकूस्टिकवरून येणाऱ्याला आमची शिफारस अशी : घोडीजवळ हमबकर व उरलेल्या दोन जागी सिंगल कॉइल असलेली गिटार, किंवा साध्या स्थिर घोडीची टेलिकास्टर घाटाची गिटार घ्यावी. पहिल्या प्रकारात दोन्ही नाद ऐकून पुढे आपली आवड ठरविता येते. यामाहाची पॅसिफिका ११२ ही या प्रकारची परिचित गिटार आहे. फेंडरचे स्क्वायर आणि गिब्सनचे एपिफोन ही त्याच कंपन्यांची तुलनेने स्वस्त नावे. तारा ताणून-सैलावून स्वर हलविणारी, कुलूप असलेली घोडी पहिल्या गिटारीत टाळावी; तिच्यावर तार बदलणे आणि स्वर लावणे नवख्याला जिकिरीचे होते.

अहिंसेच्या दृष्टीने वाद्याची तपासणी

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य यांचा समावेश आहे, हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात दंतवाणिज्याच्या अर्थात हाड, कातडे, नखे, केस हेही घेतले आहेत. ही मर्यादा व्यापाराची आहे, हे खरे. परंतु ज्या वस्तूचा व्यापार आपण करीत नाही, ती घरात आणताना एकदा विचारणे योग्यच.

गिटारीच्या मानेच्या टोकाला, जिच्या खाचांतून तारा जातात, ती लहान आडपट्टी ‘नट’ म्हणून ओळखली जाते. अनेक महागड्या गिटारींत ती जनावराच्या हाडाची असते, तर स्वस्त गिटारींत बहुधा प्लास्टिकची. अकूस्टिक गिटारीत घोडीवरील पट्टीही हाडाची असू शकते. इलेक्ट्रिकच्या घोडीवर मात्र धातूचे तुकडे असतात. म्हणजे या बाबतीत तपासण्याची एक जागा कमीच झाली. निर्मात्यांच्या माहितीपत्रकात नट कशाची आहे, हे सहसा छापलेले असते. हाडाची असल्यास ‘टस्क’सारख्या कृत्रिम पदार्थाची किंवा ग्रॅफाइटची नट कुशल कारागीर बसवून देतो. नादात तोटा होत नाही.

मानेवरील पांढरे ठिपके शिंपल्याचे आहेत की अॅक्रिलिकचे, हे विचारावे. गिटार खांद्यावर अडकविण्याचा पट्टा चामड्याचा न घेता सुती किंवा नायलॉनचा घ्यावा. कारखान्यांत आज बहुधा कृत्रिम गोंद वापरतात. जुन्या पद्धतीच्या काही खास आणि महाग प्रतींत जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस असतो. इलेक्ट्रिक गिटारींवरील लेप सहसा पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा असतो, लाखेचा नव्हे.

लाकडाचाही विचार करावा. मानेवरच्या पट्टीसाठी भारतीय शिसव जगभर वापरला जातो. शिसवाच्या संपूर्ण कुळाचा व्यापार २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना बरीच सूट मिळाली. मेपलची पट्टी हा टिकाऊ पर्याय उपलब्ध आहे.

दुकानात माल कसा पारखावा

आपण कापडाचा पोत आणि धान्याचा दाणा हाताने पाहतो, तशीच गिटारही हाताने पाहावी. केवळ छायाचित्रावरून पहिली गिटार मागवू नये. मान डोळ्यांसमोर आडवी धरून ती सरळ आहे की पिळलेली, हे पाहावे. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेकदा दाबून कोठे खरखर होते का, ऐकावे. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावरची तीच तार यांत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे का, हे स्वरमापकावर तपासावे. बाराव्या पडद्याजवळ तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असली की हात सुखाने चालतो; ती अधिक असल्यास दुकानदाराकडून जुळवून घ्यावी. मानेच्या कडेवरून बोट फिरवावे. कोरड्या हवेत लाकूड आकसून पडद्यांची टोके बाहेर येतात आणि बोटांना लागतात. बटणे फिरविताना कडकड आवाज येऊ नये.

नाद ऐकताना अॅम्प्लिफायरवरील सर्व कृत्रिम परिणाम बंद ठेवावेत. भडक नादाखाली वाद्याचे दोष लपतात. शेवटी पट्टा अडकवून पंधरा मिनिटे उभे राहावे. लेस पॉल घाटाची गिटार चार किलो किंवा त्याहून जड असू शकते आणि वाढत्या वयाच्या पाठीला ते वजन जाणवते.

खर्चाची विभागणी आधीच ठरवावी. एकूण रकमेचे साधारण दोन भाग गिटारीला आणि एक भाग अॅम्प्लिफायर, केबल व तारांना ठेवावा. सर्व रक्कम गिटारीत घालून निकृष्ट अॅम्प्लिफायर जोडणाऱ्याला गिटारीचा खरा नाद कधीच ऐकू येत नाही. घरासाठी दहा-वीस वॅट पुरेसे होतात. नामांकित कंपन्यांच्या नकली गिटारी बाजारात येतात, म्हणून पक्के बिल आणि अनुक्रमांक घ्यावा. चांगल्या स्थितीतील वापरलेली गिटार घेण्यास हरकत नाही. मात्र जाणकारास सोबत न्यावे.

परिमाण हवेच

इलेक्ट्रिक गिटारीच्या वाटेवर मोठा मोह पुढेच आहे. नाद बदलणारी पेडल, दुसरी गिटार, तिसरा अॅम्प्लिफायर, अशी यादी वाढत जाते आणि सराव मागे पडतो. येथे भोगोपभोग परिमाणाचा उपयोग होतो. खरेदीच्या दिवशीच मुलाने स्वतः मर्यादा ठरवावी : एक गिटार, एक अॅम्प्लिफायर आणि एक वर्ष नवीन काही नाही. वडिलांनी लादलेल्या नियमापेक्षा स्वतः घेतलेला नियम अधिक टिकतो.

जुनी अकूस्टिक गिटार विकण्याची घाई करू नये. वाद्यांविषयी आपल्या परंपरांत एकमत नाही, आणि अनेक संघांत साधु-साध्वींच्या सान्निध्यातील कार्यक्रमांत वीज व ध्वनिक्षेपक वापरले जात नाहीत. जेथे वाद्याला परवानगी आहे पण विजेला नाही, तेथे स्तवनाला अकूस्टिकच साथ देईल. विवाहातील संगीत, महाविद्यालयाचा रंगमंच किंवा घरची भक्तिसंध्या येथे इलेक्ट्रिक शोभेल. व्हॅन शिपली आणि सुनील गांगुली यांनी इलेक्ट्रिक गिटारीवर चित्रपटगीतांच्या केवळ सुरावटी वाजवून रसिकांना तृप्त केले, हे जुन्या पिढीला आठवत असेल. आजोबांना त्या ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकवाव्यात. विजेच्या गिटारीतूनही गोड आणि संयत स्वर निघतो, याची खात्री त्यांना होईल. मग खरेदीच्या दिवशी तेही सोबत येतील.