जळकं ऑइल डिझेलमध्ये टाकायचं का? कापडातून गाळल्यावरही त्यात काय उरतं ते बघा

डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या घरात आणि पडवीत जळक्या ऑइलचा डबा भरलेला. असं असलं की कुणाच्याही मनात तो विचार येतोच. ट्रॅक्टरचं ऑइल साधारण अडीचशे तासांनी बदलायचं, दर वेळी सहा-आठ लिटर निघतं. दहाचाकी ट्रकवाल्याकडे एका वेळी पंधरा-वीस लिटर. हेही तेल आणि डिझेलही तेलच, मग मांजरपाटातून गाळून, पंधरा दिवस निवळू देऊन टाकीत ओतलं तर काय बिघडलं? मोबाईलवर तसे व्हिडिओही फिरतात. परदेशातला माणूस काळंकुट्ट तेल टाकीत ओततो, चावी फिरवतो आणि गाडी चालू होते.

व्हिडिओ खोटा असतो असं नाही. गाडी खरंच चालू होते. पुढचे पाचशे तास त्या पंपाचं आणि नोझलचं काय झालं, ते मात्र व्हिडिओत दाखवत नाहीत.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते, त्यात इंधनाचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. म्हणून हे इंजिन बऱ्याच प्रकारच्या तेलावर चालतं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पुढे अमेरिकेच्या लष्कराने अडीच टनी ट्रकांसाठी खास बहुइंधनी इंजिन बनवून घेतलं. युद्धात डिझेल मिळालं नाही तर रॉकेल, पेट्रोल, वेळ पडली तर इंजिनातून काढलेलं ऑइलसुद्धा डिझेलमध्ये मिसळून गाडी पुढे जावी, हा हेतू. त्या इंजिनात हवा बावीस पट दाबली जायची आणि इंधन पातळ आहे की जाड हे ओळखून फवारा कमीजास्त करणारं यंत्र पंपावर बसवलेलं होतं. हे ट्रक नंतर लिलावात निघाले, हौशी लोकांनी घेतले आणि जळक्या ऑइलवर चालवण्याची टूम तिथून वाढली. आपल्याकडच्या पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरच्या पंपावर तसलं यंत्र नाही.

आता डब्यातल्या तेलाकडे या.

पहिली अडचण जाडपणाची. चाळीस अंश तापमानाला डिझेलचा जाडपणा दोन ते साडेचार असतो, तर पंधरा-चाळीस नंबरच्या इंजिन ऑइलचा शंभराच्या वर, म्हणजे पंचवीस-तीस पट. इतकं जाड तेल नोझलमधून धुक्यासारखं फुटत नाही, थेंब पडतात. थेंब पुरता जळत नाही. मग काळा धूर, नोझलच्या तोंडाशी कार्बन, रिंगा चिकटणे आणि थंडीत सकाळी चालू व्हायला त्रास. डिझेलमध्ये दहावा हिस्सा मिसळला तर जाडपणाचा त्रास बराच कमी होतो, हे खरं. म्हणून 'आम्ही थोडंच टाकतो' म्हणणाऱ्याची गाडी लगेच बंद पडत नाही आणि त्याला वाटतं काही होत नाही.

दुसरी अडचण जास्त वाईट आहे आणि ती डोळ्याला दिसत नाही. ऑइल काळं होतं ते काजळीमुळे. या काजळीचे कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज करा. मांजरपाट सोडा, डिझेल फिल्टरमधूनही ते निघून जातात. निवळू दिलं तरी खाली बसत नाहीत, कारण इंजिन ऑइलमध्ये कंपनीने मुद्दाम असं रसायन घातलेलं असतं की काजळी एका जागी साचू नये, तेलात तरंगत राहावी. ते रसायन डब्यातही आपलं काम करत राहतं. पंधरा दिवस ठेवा नाहीतर दोन महिने, तळाला पाणी आणि जाड गाळ बसेल, काळेपणा तसाच राहील.

आणि समजा मोठ्या फिरत्या मशीनवर, सेंट्रिफ्यूजवर, काजळीही काढली. तरी ऑइलमध्ये विरघळलेलं जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम राहतंच. मिठाचं पाणी कितीही गाळलं तरी खारटच लागतं, तसंच हे. हे पदार्थ जळत नाहीत, त्यांची राख होते. डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये राखेचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असतं. डिझेलमध्ये हीच मर्यादा ०.०१ टक्का, म्हणजे शंभरावा भाग. पंधरा लिटर ऑइल जाळलं की शंभर-सव्वाशे ग्रॅम राख इंजिनातून जाणार. थोडी सायलेन्सरमधून बाहेर, थोडी व्हॉल्व्हवर आणि पिस्टनच्या डोक्यावर.

पंपाच्या आतला प्लंजर आणि त्याचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते. जुन्या लांबट पंपाला, ज्याला आजही गावात मायको पंपच म्हणतात, हे थोडंफार सोसतं. त्याच्या नोझलचा दाब दोनशे बारच्या आसपास आणि खालच्या भागाला वंगणासाठी ऑइल वेगळं मिळतं. रोटरी पंपाचं तसं नाही. त्याचं वंगण म्हणजे आतून जाणारं डिझेलच. त्यात काजळी आली की ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आणि कॉमन रेल गाडी असेल तर विषयच संपला. तिथे दाब सोळाशे बार आणि त्याहून वर, इंजेक्टरची भोकं केसाएवढी. एका इंजेक्टरचा खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो, आणि ते चार किंवा सहा असतात.

बीएस-६ गाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा. १ एप्रिल २०२० पासूनच्या ट्रकांना धुराचा फिल्टर असतो, बहुतेकांना युरियाची टाकीही. फिल्टरमध्ये साठलेली काजळी गाडी स्वतः जाळून टाकते, राख मात्र जळत नाही. ती साठत जाते आणि फिल्टर चोंदतो. जस्त-फॉस्फरसने पुढचं जाळीचं भांडंही निकामी होतं. इंजिनातलं वापरलेलं ऑइल थोडं थोडं डिझेलमध्ये सोडून जाळायची यंत्रणा कमिन्स कंपनीने स्वतःच एकेकाळी मोठ्या इंजिनांसाठी काढली होती. मोजून, सतत, आपल्याच इंजिनाचं ऑइल. धुराच्या फिल्टरचा जमाना आल्यावर त्या इंजिनांत ती चालण्यासारखी राहिली नाही. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांना जमलं नाही ते मांजरपाटाने कसं जमणार?

बरं, वाचतात किती? एक ट्रॅक्टर वर्षाला पाचशे तास चालला तर दोनदा ऑइल बदललं जाईल, निघेल पंधरा लिटर. नव्वद रुपयांनी धरलं तर साडेतेराशे रुपये. त्याच वर्षात डिझेल लागतं दीड-दोन हजार लिटर. म्हणजे घरचं सगळं जळकं ऑइल जाळलं तरी डिझेलच्या खर्चात एक टक्काही फरक पडत नाही. पंप एकदा खोलून कॅलिब्रेट केला की त्याच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि पंप नेमका ऐन पेरणीत किंवा ऊसतोडीतच खोलायची वेळ येते.

म्हणून ज्याला खरंच पैसे वाचवायचे तो गॅरेजमधून कॅन भरून आणतो. धोका तिथे दुप्पट होतो. त्या कॅनमध्ये मोटारसायकलचं ऑइल असतं, त्यात पेट्रोल उतरलेलं असू शकतं. ब्रेक ऑइल, रेडिएटरचं कूलंट, पावसाचं पाणी, काहीही असतं. काही जण पाणी उडावं आणि तेल पातळ व्हावं म्हणून ते चुलीवर तापवतात. पेट्रोलचा अंश असलेल्या तेलाची वाफ जाळाशेजारी काय करेल हे सांगायला नको. आणि 'फिल्टर केलेलं स्वस्त डिझेल' म्हणून कुणी दारात आणून देत असेल तर त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर ते गोळा करून त्याचं पुन्हा शुद्धीकरण करवून घेण्याची जबाबदारी ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. तेल खराब होतं म्हणजे त्यातलं मूळ तेल संपत नाही, घाण मिसळते. कारखान्यात ते उकळून, ऊर्ध्वपातन करून वेगळं काढतात आणि त्याचंच पुन्हा ऑइल बनतं. जाळण्यापेक्षा हा उपयोग कधीही मोठा. गावपातळीवर ही साखळी अजून नीट पोचलेली नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. तोवर झाकणाच्या कॅनमध्ये फक्त इंजिन ऑइलच साठवावं, त्यात पेट्रोल-कूलंट मिसळू नये आणि प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्या गोळा करणाऱ्याला किंवा त्याला माल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावं. विहिरीजवळ, ओढ्यात, बांधावर ओतू नये. एका गाडीचं काढलेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून फासणं आणि जनावरांच्या गोचिडांवर लावणं हेही गावोगाव चालतं. जनावर ते चाटतं. हाताला सतत लागणंही कातडीसाठी घातक आहे, गॅरेजमधल्या पोरांनी हातमोजे घालावेत.

टाकीत आधीच ओतलं गेलं असेल तर? जुन्या मेकॅनिकल पंपाचा ट्रॅक्टर असेल तर टाकी रिकामी करून, डिझेल फिल्टर बदलून, स्वच्छ डिझेल भरावं आणि एअर काढावी. कॉमन रेल गाडी असेल तर चावीसुद्धा फिरवू नये, कारण काही गाड्यांत चावी फिरवली की टाकीतला पंप लगेच तेल पुढे ढकलतो. गाडी ओढून न्यावी, टाकी आणि लाइन धुऊन घ्यावी. काढलेलं मिश्रण पुन्हा दुसऱ्या कुठल्या टाकीत जाऊ नये म्हणून त्या कॅनवर रंगाने खूण करून ठेवावी.